माझ्या पोटातला बर्फ

इतायुरुच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची एक छोटी खोली आहे. तिच्या खिडकीजवळच्या खुंटीला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे काहीतरी टांगलेले दिसेल. मित्रांनो, तो मी. मी एक जुना थर्मास आहे. झाकणाला पोचा पडला आहे, खांद्याला अडकवायचा पट्टा दोनदा बदलला आहे, पण पोटात अजून दिवसभर बर्फ टिकतो. नवा माणूस आला की विचारतो, "हा इथं कशाला टांगलाय? प्यायला?" मग इथली मंडळी हसतात आणि म्हणतात, "त्याला हात नको लावू, त्याचा मान मोठा आहे." तेव्हा मला फार बरे वाटते. खोटे कशाला बोलू? म्हातारपणी कौतुक जरा जास्तच गोड लागते.

माझे आतले भांडे कुठल्याशा कारखान्यात झाले. त्याची मला काही आठवण नाही. माझा खरा जन्म झाला तो आमच्या गावच्या कातडीकाम करणाऱ्या कारागिराच्या ओट्यावर. त्याने चामडे भिजवले, माझ्या अंगावर ताणून बसवले आणि जाड सुईने असे टाके घातले की आजवर एकही उसवलेला नाही. फुल्हेन्सिओ नावाच्या गृहस्थाने मला बायकोसाठी करवून घेतले होते. पट्टे कोणते हवेत असे कारागिराने विचारले तेव्हा तो पठ्ठ्या क्षणभरही थांबला नाही. काळे-पांढरे, म्हणाला. त्याच्या लाडक्या फुटबॉल संघाचे ते रंग. आता त्याची बायको सिंदुल्फा होती लाल-निळ्या संघाची, आणि आमच्या देशात माणूस एक वेळ धर्म बदलेल पण संघ बदलणार नाही.

तिने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "हा मला दिलास की स्वतःलाच?"

"तुलाच की," फुल्हेन्सिओ म्हणाला. "आता रोज माझ्या संघाला कडेवर घेऊन हिंडशील."

ती चिडली, मग हसली, आणि दुसऱ्या दिवशी मला खांद्याला अडकवून बाजारात निघाली. तेव्हापासून आमची जोडी जमली.

सिंदुल्फामावशी बाजारात औषधी पाला आणि मुळ्या विकायची. समोर लाकडी उखळ, भोवती पुदिन्याच्या, गवती चहाच्या आणि मला नावेही ठाऊक नसलेल्या पाल्याच्या जुड्या. आमच्याकडे ऊन असे असते की कुत्रीसुद्धा दुपारी भुंकत नाहीत. त्यामुळे गार तेरेरेशिवाय कुणाचे पान हलत नाही. गाईच्या शिंगाचा पेला, त्यात येर्बाची चुरलेली पाने, वरून कुटलेल्या पाल्याचे बर्फगार पाणी, आणि चोखायला गाळणी लावलेली धातूची एकच नळी. एक जण ओततो आणि पेला सगळ्यांमधून फिरतो. रिकामा पेला परत देताना तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हाला अजून हवे आहे. 'आभार' म्हणालात तर तुमचे झाले, पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. आणि तसे न म्हणता मधेच उठून जाणे म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखे.

मावशी फेरीत कधीच 'आभार' म्हणायची नाही. माझ्यातले पाणी संपेपर्यंत ती पेला मुकाट्याने पुढे करत राहायची.

"मावशी, तुला तो शब्द येतच नाही की काय?" शेजारची भाजीवाली चिडवायची.

"थर्मासात पाणी खळखळतंय, आणि मी आभार मानून उठू?" मावशी म्हणायची. "मी काय मेले आहे?"

फुल्हेन्सिओ गेला त्या वर्षी तिने माझ्या पट्ट्यांना लोणी चोळले. नुसती चोळत बसली.

पुढे माझेही दिवस फिरले. मावशीच्या मुलीने, ब्लासिदाने, शहरातून बटण दाबले की पाणी सोडणारा चकचकीत थर्मास आणला. मी फळीवर गेलो. माझ्यात लाकडी चमचे उभे केले, मग चमच्यांत कोळ्याने जाळे केले. मी रोज सकाळी त्या चकचकीताला मावशीच्या खांद्यावरून जाताना पाहायचो आणि मला फार वाईट वाटायचे. पण नव्याचे नऊ दिवस. त्याचे बटण एका उन्हाळ्यातच अडकले आणि मावशीने मला खाली काढले, धुतले, उन्हात वाळवले. "चल रे काळ्या-पांढऱ्या," म्हणाली, "जुनं ते सोनं, पण तुझ्या संघाबद्दल म्हणत नाहीये मी."

आता ज्या गोष्टीमुळे मी या खुंटीवर आलो, ती ऐका.

एकदा मूळ सोलताना मावशीच्या बोटाला सुरी लागली. तिने आपलाच पाला ठेचून बांधला. बोट सुजले, काळपट पडले. ब्लासिदा म्हणाली दवाखान्यात चल, तर मावशी फणकारली, "अख्ख्या गावाला औषध देते मी. मला कोण शिकवणार?" मग एका सकाळी बाजारात तिने मला उचलले, पेल्यावर धरले आणि पाणी पेल्याबाहेर ओतले. सरळ स्वतःच्या मांडीवर. ओतत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक थेंब सांडला नव्हता, मित्रांनो. मी रिकामा होत होतो आणि मला कळत होते की काहीतरी फार बिघडले आहे. पण थर्मासाला तोंड असते, बोलायला जीभ नसते.

"वय झालं," भाजीवाली म्हणाली. "त्यात हे ऊन."

ब्लासिदाने आईच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. उलट कपाळ गार होते, पाय त्याहून गार, आणि श्वास धापा टाकल्यासारखा.

"आई, मला ओळखलंस का?"

"तू... तू पुदिना न्यायला आलीस ना?"

ब्लासिदाने आईला एका बाजूने धरले, मला दुसऱ्या खांद्याला अडकवले आणि थेट दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणजे लोरेना. बोलणे तुटक, पण हात मायेचा. त्यांनी बोट पाहिले, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि लगेच सुई टोचून सलाईन आणि जंतूंवरचे औषध सुरू केले.

"पण ताप तर नाही तिला," ब्लासिदा म्हणाली.

"तरुण अंगात जंतू शिरले की ताप बोंब मारतो," लोरेना म्हणाल्या. "म्हाताऱ्या अंगात ते चोरासारखे येतात. माणूस असंबद्ध बोलायला लागतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. याला सेप्सिस म्हणतात. बोटातला जंतुदोष आता साऱ्या अंगाला भिडलाय."

रक्त तपासायला निमिया धावत आल्या. तपासणीची खोली त्यांची. ठेंगण्या, चष्म्याच्या, कायम घाईत असलेल्या. त्यांनी स्वतः रक्त काढले आणि स्वतःच पळत नेले. लॅक्टेट नावाचे आम्ल त्यात किती आहे, ते त्या पाहत होत्या. शरीराला प्राणवायू पुरेनासा झाला की ते रक्तात साठते. म्हाताऱ्या माणसाच्या सेप्सिसमध्ये ते जितके जास्त, तितकी जिवाची भीती जास्त. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपचार सुरू झाल्यावर ते उतरते की चढते. उतरले तर आशा, चढले तर देवाचे नाव. पहिल्या दिवशी आकडा आला चाराच्या वर. "वाईट आहे," लोरेना म्हणाल्या, "पण आपण वेळेवर धरलंय. उद्या पुन्हा बघू."

तो 'उद्या' मी जन्मात विसरणार नाही.

सकाळी परिचारिकेने मावशीचे रक्त काढले. लॅक्टेटसाठी आत औषध लावलेल्या वेगळ्या नळ्या असतात, त्या संपल्या होत्या, म्हणून साध्या नळीत काढले आणि सिरिलोच्या हातात दिले. सिरिलो हा दवाखान्यातला जुना सेवक. पोट सुटलेला, मिशा पिकलेल्या, सगळ्या वॉर्डांचा लाडका. "लवकर ने हं," परिचारिका म्हणाली. सिरिलोने नळी शर्टाच्या खिशात, अगदी हृदयापाशी ठेवली आणि अंगणात उतरला. अंगणापलीकडे निमियांची खोली. अंगणाच्या मधोमध आंब्याचे झाड. झाडाखाली ब्लासिदा, गावाकडून आलेले नातेवाईक, आणि ब्लासिदाच्या मांडीवर मी.

सिरिलोची नजर माझ्या पट्ट्यांवर पडली आणि त्याचे पाय थबकले.

"अरे! आपल्या संघाची माणसं!"

"संघ माझ्या बापाचा," ब्लासिदा म्हणाली. "आई लाल-निळी. ती तिकडे पडलीय, तुमच्या वॉर्डात." तिचे डोळे भरून आले. तिने पेला भरला आणि पुढे केला. "घ्या. तिच्या नावानं घ्या. नाही म्हणू नका."

आता तुम्हीच सांगा, तो काय करणार? आजारी माणसाच्या मुलीने आईच्या नावाने पुढे केलेला पेला आमच्याकडे कुणी नाकारत नाही. सिरिलो टेकला. एक पेला झाला. 'आभार' म्हणावे तर पोरीला वाटेल, हा माणूस आपल्या दुःखातून उठून गेला. म्हणून तो गप्प राहिला, आणि दुसरा पेला आला. तोवर कुणीतरी गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याचा विषय काढला. तो गोल होता की नव्हता, यावर ब्लासिदाचा चुलतमामा आणि सिरिलो यांची जुंपली. ऊन चढत गेले, सावली सरकत गेली, सिरिलोच्या शर्टाला घामाचे नकाशे उमटले. पेला फिरत राहिला. पाणी संपले की कुणीतरी नळावर जाऊन मला पुन्हा भरून आणायचे. नातेवाइकांनी सकाळी येताना आणलेला बर्फ मात्र माझ्या पोटात भरपूर होता, खडखडत होता. खिशातल्या रक्ताच्या नळीला नेमके तेच हवे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसे झाले. फक्त हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, मलाही नाही.

पाणी दुसऱ्यांदा संपले तेव्हा सिरिलो उठला, खिसा चाचपला आणि म्हणाला, "बघ पोरी, फुटली नाही. बाळासारखी जपलीय." आणि नळी पोचवून आला.

आकडा आला सहाच्या जवळ.

लोरेना वॉर्डाच्या दाराशीच ब्लासिदाला भेटल्या. त्या सकाळी दुसऱ्या टोकाला एका अपघाताच्या गडबडीत होत्या, मावशीकडे जायला त्यांना उसंत मिळाली नव्हती.

"मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "औषध सुरू असूनही आकडा चढलाय. या वयात असं झालं की बहुतेक माणसं परत येत नाहीत. मी उपचार थांबवत नाहीये. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

ब्लासिदा खाटेपाशी जाऊन बसली. तिने पेल्यात थोडे पाणी ओतून चोखायची नळी आईच्या ओठाला लावली. मावशीने डोळे मिटलेलेच ठेवून एक घोट घेतला. मग पेला हाताने दूर केला, आणि स्पष्ट शब्दांत म्हणाली,

"आभार."

ब्लासिदाचा चेहराच पांढरा पडला. "संपलं," ती म्हणाली. "आई आभार म्हणाली. उभ्या जन्मात नाही म्हणाली ती. तिला पुरे झालंय."

मलाही तसेच वाटले, मित्रांनो. माझ्या पोटातला बर्फ एकदम जड झाला.

मग सगळे भराभर ठरले. आमच्याकडे माणसाने आपल्या घरी, आपल्या खाटेवर, देवीच्या तसबिरीखाली डोळे मिटावेत असे मानतात. चुलतमामाने शेजाऱ्याचा मालट्रक आणला, त्यात गादी घातली. घरी मावशीच्या नणंदेने भट्टी पेटवली. प्रार्थनेला माणसे येणार, त्यांना चिपा हवा. मंडिओका कंदाचे पीठ आणि चीज मळून केलेली ती पावाची कडी भट्टीत गेलीसुद्धा. मावशी अजून श्वास घेत होती आणि तिच्या तेराव्याचा स्वयंपाक सुरू झाला होता म्हणा ना. आणि ट्रकमध्ये घातले की सलाईन बंद, औषध बंद, सारेच बंद होणार होते.

लोरेना निरोप द्यायला आल्या. हातातले काम संपवून, घाम पुसत. सवयीने त्यांनी मावशीच्या अंगठ्याचे नख दाबून सोडले. ते लगेच गुलाबी झाले, म्हणजे रक्त नीट फिरत होते. त्यांनी पुन्हा दाबले. मग पांघरूण उचलून पायांना हात लावला. काल बर्फासारखे असलेले पाय आज उबदार होते. खाटेखालची लघवीची पिशवी चांगली भरली होती. त्यांनी पोटरी जरा जोरात दाबली.

"काय गं!" मावशी डोळे न उघडता खेकसली. "कणीक आहे का ती?"

लोरेना सरळ उभ्या राहिल्या. "ट्रक थांबवा," म्हणाल्या. "ब्लासिदा, जरा थांब. हे जुळत नाही. इतका वाईट आकडा असलेलं माणूस असं भांडत नाही. चूक माझी, सकाळी हिच्या पायाला हात न लावता मी आकड्यावर बोलले." आणि त्यांनी निमियांना बोलावून घेतले.

निमिया आल्या, ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळचं रक्त कोणी आणलं?"

"मी!" सिरिलो अभिमानाने पुढे झाला. "छातीशी धरून आणलं. फुटू नये म्हणून."

"छातीशी?"

"या खिशात. अगदी ऊबदार."

निमियांनी चष्मा काढला. "किती वेळ, सिरिलो?"

"सरळ आणलं की. म्हणजे... एक फेरी झाली."

"कसली फेरी?"

सिरिलोने माझ्याकडे पाहिले. ब्लासिदानेही माझ्याकडे पाहिले. चुलतमामा हळूच म्हणाला, "पाणी संपेपर्यंत बसलो होतो आम्ही. दोनदा भरलं."

निमिया रिकाम्या खाटेच्या कडेवर मटकन बसल्या. मला वाटले आता त्या ओरडणार, पण त्या हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अरे देवा! सिरिलो, नळीत गेलं म्हणून रक्त मरत नाही. त्यातल्या पेशी जिवंत असतात, साखर खात असतात आणि तेच आम्ल बाहेर टाकत असतात. गार ठेवलं तर गप्प बसतात. तुझ्या खिशासारखी भट्टी मिळाली तर त्यांची जत्रा भरते. त्यात हिच्या रक्तात जंतूंशी लढणाऱ्या पेशी भरमसाट. तो आकडा मावशीचा नाहीच रे, तुझ्या खिशाचा आहे!"

सिरिलोचा चेहरा पडला. ब्लासिदाने त्याला दोष दिला नाही. पेला तिनेच पुढे केला होता.

"पुन्हा काढू," लोरेना म्हणाल्या. "आत्ता. आणि बर्फ आणा."

बर्फ कुठे होता? काल रात्रभर वीज नव्हती, सकाळीच आली होती. दवाखान्याच्या शीतपेटीतले ट्रे नुसते पाण्याने भरलेले. परिचारिका हात हलवत परत आली. आणि तेवढ्यात माझ्या पोटात बर्फाचा एक खडा घसरला. खळ्ळ. मी मुद्दाम केले नाही, पण केले असे म्हणायला मला आवडते.

ब्लासिदाने माझे झाकण उघडले.

निमियांनी दंडाला पट्टी बांधली न बांधली तोच सोडली, रक्त घेतले, नळी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि माझ्या पोटात खोवली. जन्मभर मी पाल्याचे पाणी वाहिले, त्या दिवशी पहिल्यांदा मावशीला वाहिले. सिरिलोने मला छातीशी धरले आणि तो धावला. त्या वयात, त्या पोटासकट. अंगणात दुसऱ्या कुणाची फेरी बसली होती. "ये रे सिरिलो!" त्यांनी हाक मारली. तो मान न वळवता ओरडला, "आभार! आभार! आभार!" आणि ते बिचारे तोंडात बोट घालून बघत राहिले. एकही पेला न घेता आभार मानणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मग वाट पाहणे आले. यंत्र गुरगुरत होते. दाराबाहेर ब्लासिदा भिंतीला टेकून माळ ओढत होती. सिरिलो एकदा उभा राहायचा, एकदा बसायचा. लोरेना नखे कुरतडत होत्या. डॉक्टरही नखे कुरतडतात, हे मला तेव्हा समजले.

निमिया बाहेर आल्या. "दोनच्या थोडा वर," म्हणाल्या. "कालच्या निम्मा."

लोरेनांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "धोका गेला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण धोक्यानं पाठ फिरवलीय. ती कुठेही जात नाहीये, ब्लासिदा. इथंच राहील आणि औषध पुरं घेईल."

ब्लासिदा खाली बसून रडू लागली. सिरिलो तिच्याशेजारी बसून तिच्याहून मोठ्याने रडू लागला. चुलतमामाने दारातून डोके आत घातले आणि विचारले, "मग गादी परत नेऊ की राहू दे?"

"ने!" सगळे एकदम म्हणाले. जिवावरचे बोटावर निभावले म्हणतात, ते मावशीच्या बाबतीत शब्दशः खरे झाले. तिचे ते बोट पुढे थोडे वाकडेच राहिले, एवढेच.

तीन-चार दिवसांनी मावशी उशीला टेकून बसली. घरचा चिपा वॉर्डात आला होता. आता तो काही शोकाला लागणार नव्हता, म्हणून नणंदेने टोपलीच आणून ठेवली. मावशीने एक तुकडा मोडला, चावला आणि विचारले, "हा कशासाठी केला होता?"

ब्लासिदाने खरे सांगितले.

मावशी बराच वेळ चावत राहिली. "माझ्या मयताला असला अळणी चिपा?" म्हणाली. "मी उठून बसले असते गं."

वॉर्ड हसून हसून लोळला. हसू ओसरल्यावर ब्लासिदाने हळूच विचारले, "आई, मग त्या दिवशी तू आभार का म्हणालीस? आमचा जीव गेला तेव्हा."

"का म्हणजे?" मावशीने मोठे डोळे केले. "येर्बा कधीची बदलली नव्हतीस. नुसतं शिळं पाणी. ते अजून प्यावं की काय मी?"

मला इतके हलके वाटले, मित्रांनो, की माझ्यात काही नसते तर मी जागेवरून उडालो असतो.

घरी जायच्या दिवशी निमियांनी मावशीकडे मला मागितले. रोज अंगण ओलांडणाऱ्या नळ्यांसाठी बर्फ टिकवणारे, सगळ्यांना लांबून ओळखू येईल असे काहीतरी त्यांना हवे होते. मावशीने मला मांडीवर घेतले. माझ्या पट्ट्यांवरून वाकडे बोट फिरवले. मला सोडायचे तिच्या जिवावर आले होते, ते मला कळत होते. मलाही तिला सोडायचे नव्हते. ज्याच्यात रक्ताच्या नळ्या जातील त्याच्यातून पुन्हा कुणी तेरेरे पिणार नाही, हेही मला ठाऊक होते.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "फुल्हेन्सिओला आवडलं असतं. पण याला महिन्यातून एकदा लोणी चोळायचं, सिरिलो. कातडं कोरडं पडू द्यायचं नाही. आणि ब्लासिदा, मला नवा करून दे. या वेळी लाल-निळा."

सिरिलोने शब्द पाळला आहे. पहिल्या सोमवारी तो मला लोणी चोळतो आणि गोष्टी सांगतो. रक्त हाती आले की आधी मी, मग खोली, मग गप्पा, असा त्याचा नेम झाला आहे. अंगणातल्या फेऱ्या अजून त्याला हाका मारतात. तो अजून धावत धावत आभार मानतो. आता कुणी तोंडात बोट घालत नाही.

मित्रांनो, मी कुणी पंडित नाही, पण खुंटीवरून पुष्कळ पाहिले आहे. घरातले म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले, पाणी पेल्याबाहेर ओतू लागले, तर 'वय झाले' म्हणून पाठ फिरवू नका. ताप नसला तरी त्याला तातडीने डॉक्टरकडे न्या. आकडा वाईट आला तर जरूर घाबरा, तो घाबरण्यासाठीच असतो. पण त्या माणसाच्या पायांना हातही लावून बघा, आणि जुळत नसेल तर पुन्हा विचारा. फळीवर टाकलेल्या जुन्या वस्तूला आणि खाटेवर टेकलेल्या जुन्या माणसाला एकच भीती असते. आपण अजून आहोत, तोवरच आपला हिशेब कुणी मिटवून टाकेल की काय, ही ती भीती. तेवढी आम्हाला घालू नका.

गेल्या आठवड्यात मावशी बोट दाखवायला आली होती. काम झाल्यावर आंब्याखाली फेरी बसली. ब्लासिदा होती, सिरिलोची पाळी संपली होती म्हणून तोही होता, लोरेना आणि निमियाही घटकाभर टेकल्या. मधोमध तो नवा, लाल-निळा, फार मिजासखोर. मी खिडकीतून पाहत होतो. एकेक जण आभार मानून उठत गेला, कुणाला वॉर्ड, कुणाला घर. शेवटी मायलेकीच उरल्या. ब्लासिदाने पेला भरला. मावशीने तो आवाज करत तळापर्यंत ओढला, मिशीसारखी ओठावर चिकटलेली येर्बा पुसली आणि रिकामा पेला लेकीच्या हातात दिला.

ब्लासिदा वाट पाहत थांबली.

मावशी काही बोलली नाही.